बांधाला सालदार ठेवा, मग नव्या बांधाचे नारळ फोडा

पोस्ट मोठी आहे. मृग आठवड्यावर आलाय म्हणून आजच लिहितोय. पाऊस पडल्यावर लिहिण्यात अर्थ नाही.

परवा गावाकडे जाऊन आलो. मी राहतो देवपुरात, पण शेत अजून गावाकडेच आहे. देवपुरातल्या निम्म्या घरांची गोष्ट हीच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चर्चा गावाची होते, गावातल्या पुढाऱ्याची होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. आणि खरं सांगू का, हे गाव धुळे तालुक्यातलं आहे तसं साक्रीतलं आहे, शिंदखेड्यातलं आहे, पारोळा-अमळनेरातलंही आहे. तुम्ही वाचताना तुमच्या गावाचं नाव टाका, काही बिघडत नाही.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचा एक बांध आहे. कुणी त्याला पाझर तलाव म्हणतं, कुणी नुसतं 'धरण'. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर तो बांधला गेला. माझ्या आईनं त्यावर माती वाहिलीये. डोक्यावर पाटी, पायाखाली फुफाटा, दुपारी वाटीत सुकडी. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, ठोकून घ्यायचा, मग पुढचा थर. आई सांगायची, मुकादम थरावर टाच दाबून बघायचा. टाच रुतली तर पुन्हा ठोकायला लावायचा. आज पन्नास वर्षं झाली, तो बांध उभा आहे. त्या मुकादमाच्या टाचेला माझा नमस्कार.

आता त्या बांधाची आजची अवस्था सांगतो.

माथ्यावर वेडी बाभूळ माजलीये. खोडं माझ्या मांडीएवढी झालीयेत. पाण्याच्या बाजूचं दगडी पिचिंग जागोजागी उखडलंय. त्यातले चांगले दगड कुणाच्या घराच्या जोत्यात गेले हे गावाला माहीत आहे. माथ्यावरून ट्रॅक्टरची वाट पडलीये आणि जिथून ट्रॅक्टर चढतो तिथे बांध हातभर खचलाय. मागच्या उतारावर घुशींची बिळं. आणि सांडवा? सांडव्यात एकानं तूर पेरली होती. सांडव्यात! ज्या वाटेनं पुराचं पाणी सुखरूप बाहेर जायचं, तिथे मागच्या हंगामाची तुराटी अजून उभी आहे.

एवढं कमी म्हणून की काय, येत्या ग्रामसभेत ठराव येतोय: सांडव्यावर अर्धा मीटर उंचीची पोती टाकायची, म्हणजे पाणी जास्त साठेल. लोकवर्गणीही जमायला लागलीये. आणि सोबत दुसरी मागणी: बांधाच्या खालचा नाला आणखी खोल करायचा.

मी याला विरोध करणार आहे. का, ते नीट सांगतो. शिव्या नंतर घाला.

बांधाच्या अगदी खाली, जुन्या नाल्याच्या काठावर, आज वीस-बावीस घरं आहेत. भिलाटी. बांध बांधला तेव्हा तिथे एकही घर नव्हतं. पुढे गावात जागा मिळेना, मालकांच्या शेतात राहता येईना, म्हणून ही माणसं पोटखराब्यात येऊन बसली. ग्रामसभेत पोती टाकायचा ठराव मांडणारे सगळे गावठाणात उंचावर राहतात. पाणी मिळेल ते त्यांच्या विहिरींना. बांध फुटला तर पाणी जाईल ते या बावीस घरांतून. हा हिशेब आधी डोळ्यांसमोर ठेवा, मग पुढचं वाचा.

आता बांध म्हणजे काय ते समजून घेऊ.

सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहिलं तर काही होत नाही. तो त्यासाठीच बांधलेला असतो. मातीच्या बांधाचं तसं नाही. मातीचा बांध पाण्याला पाठ लावून पन्नास वर्षं उभा राहील, पण डोक्यावरून पाणी गेलं की संपला. मागच्या उतारावर पाणी आधी एक ओघळ पाडतं, ओघळाची घळ होते, घळ मागे मागे खात माथ्यापर्यंत येते आणि मग अख्खा तलाव त्या भगदाडातून बाहेर पडतो. याला दिवस लागत नाही. रात्री जेवून झोपलेला माणूस उठायच्या आत होतं.

म्हणून मातीच्या बांधाचा जीव सांडव्यात असतो. सांडवा म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याची वाट, असं आपण समजतो. खरं तर सांडवा म्हणजे बांधाचं नाक आहे. नाक दाबून कुणी जास्त श्वास साठवत नाही.

आकडे घ्या. समजा बांधाच्या वर 200 हेक्टरचं पाणलोट आहे. आपल्या भागात एखाद्या दुपारी ढगफुटीसारखा 100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगर उघडे असल्यानं त्यातलं निम्मं पाणी थेट नाल्याला येतं. हिशेब करा: 1 लाख घनमीटर, म्हणजे 10 कोटी लिटर. 10 हजार लिटरचे 10 हजार टँकर. हे पाणी दोन तासांत आलं तर दर सेकंदाला जवळपास दीड टँकर पाणी बांधावर धडकतंय. तलाव आधीच भरलेला असेल, तर एवढं सगळं सांडव्यातूनच जायला पाहिजे.

आमचा सांडवा 8 मीटर रुंद आहे. त्याच्या तळापासून बांधाचा माथा दीड मीटर वर. त्यातला अर्धा मीटर लाटांसाठी, वाऱ्यासाठी, अंदाज चुकला तर म्हणून मोकळा ठेवायचा असतो. उरला एक मीटर. 8 मीटर रुंद आणि 1 मीटर खोल वाहणारा सांडवा सेकंदाला साधारण साडेतेरा हजार लिटर पाणी काढतो. म्हणजे वरचा हिशेब जेमतेम जुळतो. ज्यानं हा सांडवा आखला तो वेडा नव्हता.

आता त्यावर अर्धा मीटर पोती टाका. वाहायची खोली निम्मी झाली. तुम्ही म्हणाल, मग पाणीही निम्मं जाईल. नाही! सांडव्यावरून जाणारं पाणी खोलीच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार झपाट्यानं घटतं. खोली निम्मी झाली की पाणी उरतं साधारण एक तृतीयांश. सेकंदाला साडेतेरा हजार लिटरच्या जागी पाच हजारांच्या आत. उरलेलं कुठून जाणार? माथ्यावरून. त्यातही ट्रॅक्टरनं जिथे हातभर खचवलाय तिथून. आणि हा हिशेब तूर न पेरलेल्या, तुराटी नसलेल्या सांडव्याचा आहे.

मी हे पारावर सांगितलं. आमचे एक आप्पा आहेत, वयानं मोठे, मला लहानपणी खांद्यावर घेऊन यात्रेला नेलेले. ते म्हणाले, "भाऊ, तू देवपूरमा राहस, तुले काय? पानी वाही जास, ते काय तुना बाप देनार शे का?"

आप्पांचा राग मला कळतो. त्यांच्या दोन विहिरी आहेत, दोन्ही फेब्रुवारीत तळ दाखवतात. ज्यानं डोळ्यादेखत केळीचं खोड सुकताना बघितलंय, त्याला सांडव्यावरून जाणारं पाणी म्हणजे चोरी वाटते. आपल्या भागात पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरचा, तोही चार-सहा दणक्यात पडून मोकळा. त्यामुळे पाणी अडवायला माझा विरोध नाही. कसं अडवायचं यावर माझं भांडण आहे.

आप्पा, हे बघा. आपल्या तलावाचं पाणी साधारण 3 हेक्टरवर पसरतं. अर्धा मीटर पोती टाकून तुम्ही जास्तीत जास्त 15 हजार घनमीटर पाणी वाढवाल. तेवढंच पाणी, अगदी तेवढंच, तलावातला अर्धा मीटर गाळ काढला तरी वाढतं. सांडव्याला हात न लावता. चार-पाच हजार ट्रॉल्या गाळ निघेल, तो तुमच्याच हलक्या रानात पडेल. पन्नास वर्षांचा गाळ आहे, वरच्या रानांची सुपीक माती आहे ती. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 पासून आहे. एकच पथ्य पाळा: बांधाच्या पायथ्याला पोकलेन लावू नका. पायथ्याशी खड्डा केला की बांध त्या खड्ड्यात सरकतो आणि खालून पाण्याला वाट मिळते. पायथा सोडून, आतल्या अंगाला, सपाट खरवडून काढा.

म्हणजे पाणी दोन्हीकडे तेवढंच. एकात बावीस घरांचा जीव टांगणीला, दुसऱ्यात रानाला खत. मग पोतीच का? कारण पोती एका दुपारी होतात आणि त्यांचा फोटो निघतो.

आता दुसरी मागणी, नाला खोल करायची. यावर मी जास्त चिडलोय, कारण हे आमच्या गावात एकदा झालेलं आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी बांधाच्या खाली नाला खोलीकरण झालं. जेसीबी, पोकलेन, नारळ, फेटे, भाषणं, सगळं. नाला पुरुषभर खोल केला. फोटो छान आले. पण जिथे खोदकाम थांबलं तिथे काय राहिलं? एक पायरी. वर जुना तळ, खाली पुरुषभर खोल नवा तळ. पावसाळ्यात त्या पायरीवरून पाणी पडतं, खालची माती खातं, वरचा काठ ढासळतो आणि पायरी एक पाऊल मागे सरकते. दर पुरात मागे. मागच्या उन्हाळ्यात मी पावलं मोजली होती. पायरीपासून सांडव्याच्या तोंडापर्यंत 90 पावलं. परवा मोजली: 40.

भो, पन्नास पावलं एका पावसाळ्यात गेली! आता चाळीस राहिलीयेत. ती पायरी सांडव्यापर्यंत पोचली की सांडव्याचा तळच ढासळेल आणि तलावाचं पाणी थेट त्या घळीत उतरेल. बांध जागेवर उभा राहील आणि तलाव बाजूनं रिकामा होईल. खाली भिलाटी आहेच. अशा वेळी नाला आणखी खोल करायचा ठराव म्हणजे त्या पायरीला पाय लावून देणं आहे.

लहान बांध फक्त पाणी अडवतो असं आपल्याला वाटतं. तो उतारही अडवतो. नाल्याचा तळ जिथे आहे तिथे धरून ठेवतो. आमच्या बांधाच्या वरची शेतं आज सपाट आहेत, कारण पन्नास वर्षं त्या बांधानं नाल्याला खाली खाऊ दिलं नाही. आजोबांच्या वेळी तिथे घळी होत्या, बैलगाडी उतरत नव्हती. बांध गेला तर नुसतं पाणी जाणार नाही, नाला पुन्हा खाली खायला लागेल आणि दहा वर्षांत वरची शेतं घळींनी चिरली जातील. विमा कुठलाच भरून देणार नाही असं ते नुकसान आहे.

"मग शिरपूरला कसं झालं?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद केले, ते भूगर्भ बघून. तापीकाठच्या गाळाच्या थरांत पाणी खाली मुरायला चिकट मातीची आडकाठी होती, ती त्यांनी काढली. आणि तिथे ठिकठिकाणी सिमेंटचे बंधारे घातले, ज्यांच्यावरून पाणी गेलं तरी बिघडत नाही आणि जे नाल्याचा तळ धरून ठेवतात. आपण त्यातलं काय उचललं? फक्त पोकलेन. भूगर्भशास्त्रज्ञ नाही, बंधारा नाही, तळ धरायला दगडाची एक ओळ नाही. डॉक्टरकडून फक्त सुई आणली आणि दिसेल त्याला टोचत सुटलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं धोकादायक आहे तर सरकार काय करतंय? इथेच खरी गंमत आहे.

केंद्रानं 2021 साली धरण सुरक्षा कायदा केला. चांगला कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, जबाबदार अधिकारी, सगळं त्यात आहे. पण तो लागू कुणाला? 15 मीटरपेक्षा उंच धरणांना. 10 ते 15 मीटरच्या मधल्यांना लागतो, पण त्यांची लांबी, साठा किंवा पुराचा विसर्ग ठरावीक आकड्यांच्या वर असेल, किंवा पाया-रचना विशेष अवघड असेल तरच. आमचा बांध सहा-सात मीटरचा. म्हणजे कायद्याच्या लेखी तो धरणच नाही. भिलाटीतल्या माणसाला बुडवायला सहा मीटर पाणी पुरेसं आहे, कायद्याला पुरेसं नाही.

मग हा बांध कुणाचा? हे विचारायला मी मागच्या वर्षी एका सरकारी कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावर सांगितलं, "आमच्या यादीत नाही." दुसऱ्या टेबलावर सांगितलं, "हस्तांतरित झालाय." कुणाला? "ते बघावं लागेल." तिसऱ्या टेबलावरचे साहेब चांगले होते, चहा पाजला, म्हणाले, "दुरुस्तीचं हेड नाही हो. नवीन काम सुचवा, लगेच बसवतो." मी म्हटलं, साहेब, जुना फुटायला आलाय. ते म्हणाले, "फुटला की आपत्तीमध्ये बसेल."

त्या साहेबांचा मला राग आला नाही. माणूस खरं बोलला. आपली सगळी व्यवस्थाच त्या एका वाक्यात आहे. नव्या कामाला पैसा आहे, फुटल्यावर पैसा आहे, मधल्या पन्नास वर्षांना पैसा नाही. आणि यात सत्ता कुणाची हा प्रश्नच नाही. दुष्काळी कामं एकाच्या काळात झाली, पाणलोट दुसऱ्याच्या, जलयुक्त तिसऱ्याच्या. 'कॅग'नं जलयुक्त शिवारवर 2020 च्या अहवालात ताशेरे ओढले तेव्हा खर्चाचा आकडा 9 हजार 600 कोटींच्या वर होता. त्यावरून दोन्ही बाजूंनी टीव्हीवर मनसोक्त भांडण झालं. बांधलेल्या कामांची निगा पुढची वीस वर्षं कोण राखणार, यावर कुणी भांडलेलं मी ऐकलं नाही.

कोकणातलं तिवरे आठवतंय? 2 जुलै 2019 ची रात्र. चिपळूण तालुका. मातीचं धरण. गळती असल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते. रात्री धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसहून जास्त माणसं गेली. आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी काय सांगितलं? खेकड्यांनी धरण पोखरलं. सगळ्या महाराष्ट्रानं त्यावर विनोद केले, मीही केले. आज वाटतं, आपण नको तिथे हसलो. खेकडे बांध पोखरतात हो! खेकडे पोखरतात, घुशी पोखरतात, बाभळीचं मूळ कुजलं की त्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. म्हणूनच तर बांधाला राखणदार लागतो. खेकड्याचं नाव घेणं म्हणजे बांध राखायला माणूस नव्हता याची कबुली देणं. खरा प्रश्न तो होता आणि तो आपण विनोदात घालवला.

आणि कोकण लांब वाटत असेल तर चाळीसगाव घ्या. 31 ऑगस्ट 2021. कन्नडच्या डोंगरावर एका रात्रीत पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी नद्या गावात शिरल्या, शेकडो गुरं वाहून गेली. खानदेशात ढगफुटी होत नाही असं आता कुणी म्हणू नये. देवपूरकरांनी तर मुळीच म्हणू नये. 1872 च्या सप्टेंबरात पांझरेनं धुळ्यातली शेकडो घरं नेली होती, ही गॅझेटियरमधली गोष्ट आहे. आणि आजही पांझरेला मोठा पूर आला की पूल बंद होतात, देवपूर एका काठाला आणि धुळं दुसऱ्या काठाला. ते पाणी आणि तो गाळ आभाळातून थेट नदीत पडत नाही. आमच्या गावच्या नाल्यासारख्या शेकडो नाल्यांतून येतो. वर एकेक बांध शाबूत असेल तर तो पूर थोडा थोडा अडतो, उशिरा येतो. वरचे बांध गाळानं भरले, फुटले, तर सगळं एकदम खाली. म्हणून हा प्रश्न गावाकडचा आहे म्हणून स्क्रोल करू नका.

आता वाईट वाटेल असं एक सांगतो. आपल्या पूर्वजांना हे सगळं कळत होतं. याच पांझरेवर फड पद्धत चालली, शेकडो वर्षं. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड. ही व्यवस्था टिकली ती दगडचुन्यामुळे टिकली असं नाही. पाणी वाटायला पाटकरी होता, पिकं राखायला जागल्या होता, त्यांचा मेहनताना ठरलेला होता आणि दरवर्षी पाट साफ करायला प्रत्येक खातेदाराला यावं लागायचं. नाही आला तर दंड. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये नोकरीला लागले आणि सुरुवातीची कामं त्यांनी याच खानदेशात केली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच विश्वेश्वरय्यांनी पुढे खडकवासल्याला पाणी वाढवायला स्वयंचलित दारं बसवली. पुराचं पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की ती आपोआप उघडायची. पाणी वाढवायचं, पण पुराची वाट मोकळी ठेवून! आपण त्यांच्या नावानं अभियंता दिन साजरा करतो आणि सांडव्यावर पोती टाकतो.

आणि हल्लीचं उदाहरण पाहिजे असेल तर साक्रीतलं बारीपाडा घ्या. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लोक तिथे जातात, सेल्फी काढतात. बघायचं काय असतं? वरचं जंगल राखलं, कुऱ्हाडबंदीचा नियम गावानं केला, मोडणाऱ्याला दंड लावला आणि तो नियम वर्षानुवर्षं पाळला. पुरस्कार त्या पाळण्याला आहे.

मग माझं म्हणणं काय? आपल्याकडे आखाजीला सालदार ठरतो. वर्षभराचं साल, ठरलेले पैसे, ठरलेलं काम. दहा एकराच्या शेताला सालदार लागतो, मग सगळ्या गावाच्या डोक्यावरच्या बांधाला का नको? गावातल्याच एका माणसाला, आणि माझं मत विचाराल तर भिलाटीतल्याच एकाला, बांधाचा सालदार नेमा. ज्याचं घर खाली आहे तो डोळ्यांत तेल घालून बघेल. पैसे ग्रामपंचायतीनं द्यावेत. कमी पडले तर ज्यांच्या विहिरींना पाझर मिळतो त्यांनी द्यावेत. पोत्यांसाठी जी वर्गणी जमतेय ना, तीच वळवा.

त्याचं काम एवढंच:

एक, मृगाच्या आत सांडवा मोकळा. तूर, तुराटी, झुडूप, पोती, काहीही नाही.

दोन, बांधावरची झुडपं लहान आहेत तोवर उपटायची. मोठ्या बाभळी मात्र पावसाच्या तोंडावर उपटू नका, खड्डा राहतो. आता वरून तोडा, आणि पाऊस संपल्यावर मूळ काढून खड्डा थराथरानं ठोकून भरा.

तीन, माथ्यावरची ट्रॅक्टरची वाट बंद. खचलेला भाग मुरूम-मातीनं थर देऊन ठोकून वर आणायचा. आईच्या मुकादमासारखी टाच दाबून बघायची.

चार, पावसाळ्यात रोज मागच्या पायथ्याशी चक्कर. ओल दिसली, स्वच्छ पाणी पाझरलं तर घाबरायचं नाही, पाझर तलाव आहे तो. पण रोजच्यापेक्षा पाझर वाढला, किंवा पाणी गढूळ आलं तर समजायचं, बांधाची माती आतून वाहून चाललीये. मग वाट बघायची नाही. आधी खालची घरं रिकामी, नंतर तहसीलला फोन.

आणि पाचवं काम सालदाराचं नाही, सरकारचं आहे. सांडव्याखाली सरकत येणाऱ्या त्या पायरीला दगडाची, गॅबियनची मजबूत आडवी भिंत घालून तिथेच रोखा. आणि गावातल्या प्रत्येक बांधाचं नाव, वर्ष, सांडव्याची रुंदी आणि मालक खात्याचं नाव ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. उद्घाटनाच्या कोनशिलेवर आठ-आठ नावं बसतात. जबाबदारीचं एक नाव बसायला हरकत नसावी.

परवा निघताना भिलाटीत थांबलो. एक म्हातारी चुलीशी बसली होती. मागच्या पावसाळ्याचं विचारलं. म्हणाली, "रातले झोप लागत नही, भाऊ. पानी वाजस." तिनं कधी धरण सुरक्षा कायदा वाचला नाही, सांडव्याचं गणित तिला कुणी शिकवलं नाही. पण बांधाच्या आवाजावर रात्रभर कान ठेवून असलेली गावातली ती एकटीच आहे. खरं म्हणजे सालदार आपल्याकडे आहे. आपण फक्त तिला पगारही देत नाही आणि तिचं ऐकतही नाही.

ग्रामसभेला मी जाणार आहे. आप्पा रागावतील, रागावू देत. नंतर त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पिईन. पण सांडव्यावर पोती टाकायच्या ठरावाला माझा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या, असं मी उभं राहून सांगणार आहे.

तुमच्या गावात असा बांध असेल तर या रविवारी एक चक्कर मारून या. सांडवा मोकळा आहे का, एवढंच बघा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव लिहा, फोटो टाका. नारळ फोडलेल्या जागांच्या याद्या सगळ्यांकडे आहेत. राखायच्या जागांची यादी आपण करू.